बंदराच्या शहराचा इतिहास वाचायचा कसा: ब्रिस्टल आणि आपलं राजापूर

बंदराचा इतिहास वाचायला घेतला की बरेच जण राजे आणि सनावळीपासून सुरुवात करतात आणि थोड्याच वेळात कंटाळतात. आपण खाडीकाठची माणसं, आपण आधी पाणी बघायचं. उदाहरणाला इंग्लंडमधलं ब्रिस्टल घेऊया, कारण आपल्या राजापूरसारखंच तेही समुद्रावर नाहीये, आत आहे.

मोबाईलवर नकाशा उघडा, एव्हन नदीच्या मुखापासून बोट सरकवत दहाएक किलोमीटर आत या, की शहर लागतं. मग भरतीचा आकडा शोधा. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन-तीन मीटर चढतं, तिथे मुखाशी १२ मीटरच्या आसपास, जगातल्या सगळ्यात मोठ्या भरतींपैकी एक. म्हणजे भरतीला जहाज थेट शहराच्या धक्क्याला, आणि ओहोटी लागली की तेच जहाज चिखलात बसलेलं, जरा कललं की आतला माल एका बाजूला आणि तळाच्या फळ्यांवर सगळा भार.

आता दर शतकाला एकच प्रश्न विचारा, या पाण्याचं काय केलं? १२४० च्या दशकात त्यांनी फ्रोम नदीला नवीन पात्र खणून दिलं, जहाजांना जागा मिळावी म्हणून. १८०९ मध्ये तर विल्यम जेसप या इंजिनियरच्या योजनेने एव्हनलाच नव्या कालव्यातून वळवलं आणि जुन्या पात्राला दरवाजे घालून पाणी अडवलं, जहाजं कायम तरंगती. पण पाणी अडवलं की गाळ बसणारच, मग ब्रुनेल या इंजिनियरने ओहोटीला तळातून गाळ बाहेर सोडायची सोय सुचवली. त्याचंच ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज १८४३ मध्ये पाण्यात उतरलं आणि इतकं रुंद निघालं की गोदीच्या दारातून बाहेरच पडेना, दार रुंद करून १८४४ च्या डिसेंबरात कसंबसं काढलं. इथे कळतं की शहरातलं बंदर मागे पडणार. १८७७ मध्ये मुखाशी एव्हनमाउथला गोदी झाली, १९७५ मध्ये शहरातली व्यापारी गोदी बंद.

पाण्यानंतर माल बघा. आधी लोकरीचं कापड जायचं, फ्रान्सची वाईन यायची, १४९७ मध्ये दर्यावर्दी जॉन कॅबट इथूनच निघून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. पुढे साखर आणि तंबाखू आले, आणि या पानावर घाई करू नका प्लीज. १६९८ मध्ये आफ्रिकेच्या गुलाम-व्यापारावरची लंडनच्या कंपनीची मक्तेदारी संपली, आणि १८०७ च्या बंदीपर्यंत ब्रिस्टलच्या जहाजांनी सुमारे ५ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून नेली. जाताना पितळेची भांडी आणि कापड, तिथून माणसं कॅरिबियनला, येताना साखर. शहरातल्या देखण्या हवेल्या बघताना हा हिशोब मनात ठेवायलाच हवा. एडवर्ड कोल्स्टन या त्याच व्यापारातल्या माणसाचा पुतळा १८९५ मध्ये उभारला आणि ७ जून २०२० ला लोकांनी ओढून गोदीत टाकला. म्हणून पुतळा दिसला की तो कोणाचा, यासोबत तो कधी आणि कोणी उभारला हेही बघायचं. जाता जाता, आपले राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टललाच वारले, समाधी तिथेच आहे.

आता हीच पद्धत घेऊन आपल्या खाडीवर या. राजापूरला येणारी मोठी जहाजं खाडीच्या मुखाशी जैतापूरला थांबायची, पुढे माल छोट्या होड्यांतून आत. इंग्रजांची वखार होती, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. मग गाळ वाढत गेला, पण दरवाजे लावून पाणी अडवायला कोणी आलं नाही. १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर नेटवर फुकट मिळतं, त्यात आपल्या बंदराचं नाव शोधा, कुठपर्यंत गलबतं यायची आणि काय माल चढायचा ते लिहून घ्या. मग एखाद्या जुन्या तांडेलाला विचारा की खोल पाणी कुठल्या अंगाला होतं, गॅझेटियरशी जुळतंय का ते बघा. प्रत्यक्ष जायचं तर अमावास्या नाहीतर पौर्णिमा गाठा, संध्याकाळी पाचच्या मागेपुढे पाणी खूप खाली जातं आणि जुन्या धक्क्याचे एरवी बुडालेले दगड उघडे पडतात. चिखलात उतरण्याआधी मात्र भरती कधी लागते ते तिथल्याच माणसाला विचारून घ्या.