पटतं म्हणून खरं मानू नका

बेळगाव-खानापूरच्या घराघरांतल्या मोबाईलवर रोज काहीतरी ‘तुम्हाला माहीत आहे का?’ येतं. ते पुढे पाठवण्याआधी एवढं करा: ‘पटतं का’ हे विचारूच नका, ‘कुठे, कधी, कोण’ विचारा.

गांधीजी काँग्रेसच्या कितीतरी अधिवेशनांचे अध्यक्ष असतील, हे सहज पटतं. प्रत्यक्षात ते एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष होते, डिसेंबर 1924 च्या, आणि तेही आपल्या बेळगावात! पाहुण्यांच्या पाण्यासाठी तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. जागा, साल, नाव असलं की दावा तपासता येतो. मात्र एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी तपासा, कारण खोटी सालंही छातीठोकपणे लिहिली जातात.

उलट, ‘साप दूध पितो’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं, पण गैरसमज. तहानेने व्याकूळ साप समोरचा कुठलाही द्रव पितो, दूधही. ते त्याला पचत नाही. नागपंचमीला पाहिलेलं दृश्य खरं असतं, काढलेला अर्थ चुकतो. म्हणून घरातल्या आजीला खोडून काढण्याआधी ती समजूत कशावरून आली ते शोधा. कारण कळलं की तीही ऐकते, आणि बिचाऱ्या नागाचे हाल टळतात.