रोहित पाहायला जाताना आधी तिथी पाहा

मध्य आशियात, सैबेरियात थंडी पडली की तळ्यांचं पाणी गोठतं आणि काठचा चिखल दगडासारखा होतो. चोच खुपसायची कुठे? म्हणून तिथले तुतारी, चिखले हे काठावर चरणारे छोटे पक्षी हिवाळाभर आपल्या ठाणे खाडीत येऊन राहतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात ते बरेचसे कच्छकडून. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली ही पाणथळ जागा लोकलने गाठता येते, याचं मला दरवर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

पहिल्यांदा शिवडीला गेलो तो सकाळी सातला. पूर्ण ओहोटी होती. पक्षी दूर, ठिपक्यांएवढे, आणि ऊन थेट डोळ्यांवर.

तेव्हापासून आधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. षष्ठीला सहाची पाऊणपट, साडेचार. भरतीच्या वेळापत्रकाशी एकदा ताडून घ्या. खाडीत आत, भांडुपकडे, पाणी थोडं उशिरा चढतं.

पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा आणि एका जागी थांबा. पाणी चढेल तसा चिखल आक्रसतो, आणि चरणारे पक्षी आपसूक काठाकडे सरकतात. आपण त्यांच्याकडे जायचं नाही, त्यांना येऊ द्यायचं. चिखल पूर्ण बुडाला की थवे विसाव्याच्या जागी उडून जातात.

शिवडी आणि भांडुप ही ठिकाणं खाडीच्या पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपारनंतर ऊन पाठीशी येतं. चतुर्थी ते षष्ठी तिथे उत्तम. ऐरोली पूर्वेला, तिथे सकाळ चांगली, म्हणून द्वादशी-त्रयोदशी धरा. तिथली बोटफेरी भरती पाहूनच सुटते, आधी नोंदणी करा.

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. जास्त मोठं दाखवणारी बोटीत हलते. मुंबईची थंडी ती काय, पण पहाटे पाण्यावरचा वारा कानात शिरतो. मफलर आणि मळकट रंगाचं जाकीट असू द्या.

ओळखायला चोचीपासून सुरुवात करा. लहान रोहिताची चोच गडद, जवळजवळ काळी. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. उचाट्याची वर वळलेली, तो ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चरतो. शेकाट्या मात्र लांब गुलाबी पायांवरूनच कळतो.

कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-गाठी टाकू नका, तळलेलं बेसन त्यांचं अन्न नव्हे. आणि थवा एकदम उठला तर वर बघा. दलदलीवरचा भोवत्या, हा शिकारी पक्षी, घिरट्या घालत असेल तर ठीक. आकाश रिकामं असेल, तर आपण फार पुढे आलोय. दहा पावलं मागे या.