दारू पिऊन वाहन चालवल्याचा गुन्हा दाखल झाला, तर बचाव कसा करावा

शनिवारी रात्री पुण्यात कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर किंवा फर्ग्युसन रस्त्यावरच्या नाकाबंदीत यंत्रात फुंकायला लावले जाते, यंत्रातून पट्टी बाहेर येते आणि तिच्यावर तीसपेक्षा मोठा आकडा असतो. त्यानंतर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो दंड किती आणि तो कुठे भरायचा, हा. विचाराची गल्लत इथेच सुरू होते. हेल्मेटचे किंवा सिग्नल मोडल्याचे चलन भरून मोकळे होता येते, कारण त्या गुन्ह्यांत मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे तडजोड शुल्क घेण्याची मुभा आहे. दारू पिऊन वाहन चालवण्याचे कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे हे प्रकरण चौकात मिटत नाही आणि लोकअदालतीतही मिटत नाही, ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जाते. तिथे गुन्हा कबूल करून भरलेली रक्कम ही शिक्षा असते आणि तिच्यासोबत आपल्या नावावर दोषसिद्धी लागते.

कायद्यात मर्यादा स्पष्ट आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो, मग चालक कितीही सरळ चालत असो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. याखेरीज कलम २० प्रमाणे दोषसिद्धीनंतर न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवायचे असते. ज्याचे पोट गाडी चालवण्यावर आहे, त्याला दहा हजारांपेक्षा हे सहा महिने जड जातात.

बचावाची खरी सामग्री पहिल्या काही तासांत तयार होते. ती जमवायची ती पोलिसांशी हुज्जत घालून नव्हे, तर वेळा आणि कागद सांभाळून. यंत्रात किती वाजता फुंकले, किती वेळा फुंकले, पट्टीवर कोणता आकडा आला, अटक केली असल्यास किती वाजता केली, डॉक्टरांसमोर किती वाजता उभे केले, हे सारे सोबतच्या माणसाने मोबाइलमध्ये लिहून ठेवावे आणि पट्टीची प्रत मागून घ्यावी. कलम २०२ प्रमाणे अटक झाल्यास दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते. न झाल्यास त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे लागते. मात्र सुटका म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, आणि दोन तास उलटले म्हणून खटला आपोआप कोसळतो असे जे सांगितले जाते, त्यावर विसंबू नये. उशिरामुळे वैद्यकीय पुरावा किती कमकुवत झाला, एवढाच त्याचा उपयोग.

फुंकायला नकार देणे ही हुशारी समजली जाते, पण ती अंगाशी येते. नकार देणाऱ्या व्यक्तीने मद्य घेतल्याचा वाजवी संशय असेल, तर पोलीस तिला वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि कलम २०५ प्रमाणे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकारपक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येतो. दमा किंवा ताजी शस्त्रक्रिया असे खरे कारण असेल, तर ते तिथेच सांगावे, लिहून घ्यायला लावावे आणि रक्त तपासणीची तयारी दाखवावी. स्त्रीच्या रक्ताचा नमुना स्त्रीनेच किंवा दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीत घ्यावा लागतो. गुन्हा जामीनपात्र असल्याने जामीन हा हक्क आहे. अटकेची कारणे सांगितली जाणे, नातेवाइकांना कळवले जाणे आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येणे हेही हक्कच आहेत. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये.

आता पुराव्याकडे वळू, कारण वकिलाचे खरे काम इथे आहे. श्वास तपासणीचा निकाल पुरावा म्हणून ग्राह्य आहे, पण कायद्याच्या दृष्टीने ती तपासणी केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारच्या उपकरणावर झालेली असावी लागते. म्हणून उपकरणाचा प्रकार आणि क्रमांक, त्याच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्र अचूक मोजते या पडताळणीचे, शेवटचे प्रमाणपत्र, तपासणीपूर्वी यंत्र शून्य दाखवत होते का, आणि पट्टीवरचे नाव, वेळ व गाडीचा क्रमांक फिर्यादीशी जुळतो का, हे सारे तपासावे. माउथवॉश किंवा नुकताच घेतलेला घोट यांमुळे तोंडातच राहिलेले अल्कोहोल आकडा फुगवते. ते ओसरायला साधारण पंधरा मिनिटे जावी लागतात. पट्टीवर ३५ आला असेल, तर या मुद्द्यांत जीव असतो. १८० आला असेल, तर माउथवॉशची कहाणी न्यायालयात सांगून आपलेच हसे करून घेऊ नये.

रक्ताच्या नमुन्याचे शास्त्र अधिक काटेकोर आहे. राज्याच्या दारूबंदी कायद्याखालील १९५९ चे वैद्यकीय तपासणी व रक्त चाचणीचे नियम यासाठी वाचण्यासारखे आहेत : रक्त काढताना त्वचा पुसायला स्पिरिट वापरायचे नाही, कारण तेच अल्कोहोल नमुन्यात उतरू शकते, कुपीत रक्त गोठू न देणारा आणि ते टिकवणारा असे दोन्ही पदार्थ असावेत, कुपीवर चिठ्ठी आणि लाखेची मोहोर असावी. टिकवणारे द्रव्य, म्हणजे सहसा सोडियम फ्लोराइड, पुरेसे नसेल आणि नमुना उष्ण जागी पडून राहिला, तर सूक्ष्मजंतूंमुळे कुपीतच अल्कोहोल तयार होऊ शकते. रुग्णालयातून पोलीस ठाणे आणि तिथून गणेशखिंडीतली न्यायवैद्यक प्रयोगशाळा या वाटेवर नमुना कोणाच्या ताब्यात किती दिवस होता, मुद्देमाल नोंदवहीत त्याची नोंद आहे का, आणि प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हा मोहोर शाबूत होती का, हे प्रश्न उलटतपासणीत विचारायचे असतात. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही वाचला जातो, त्यामुळे त्याला प्रश्न विचारायचे असतील तर तो हजर व्हावा असा अर्ज बचावपक्षाने स्वतःच द्यावा. केवळ तोंडाला वास, झोकांड्या, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावर नशा सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बच्चूभाई करियानी विरुद्ध महाराष्ट्र या १९७१ च्या निकालात मान्य केले. रक्ताची किंवा श्वासाची चाचणीच नसेल, तर तो निकाल हाताशी ठेवावा.

दुसरा मोठा मुद्दा गाडी चालवत कोण होते हा. कायदा वाहन चालवणाऱ्याला किंवा चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला लागू होतो. उभ्या गाडीत मागच्या आसनावर झोपलेला माणूस किंवा गाडीचा मालक म्हणून शेजारी बसलेला प्रवासी त्यात बसत नाही. अशा वेळी नाकाबंदीच्या ठिकाणचे सीसीटीव्ही चित्रण निर्णायक ठरते आणि ते काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून ते जतन करावे असा लेखी अर्ज लगेच द्यावा. असे चित्रण दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. कालमर्यादाही तपासावी : सहा महिन्यांपर्यंत कैदेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने एका वर्षाच्या आत घ्यावी लागते.

समन्स आले की शिवाजीनगर न्यायालयात, किंवा हद्द पिंपरी-चिंचवडची असल्यास तिथल्या न्यायालयात, हजर राहून आरोप मान्य आहे की नाही हे सांगावे लागते. "पहिलीच वेळ आहे, कबूल करून टाक" असा सल्ला आवारातच मिळतो. तो नेहमीच वाईट असतो असे नाही. पट्टी, वैद्यकीय तपासणी आणि वेळा सगळ्या जुळत असतील, अपघात झालेला नसेल, तर वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा कबुली देऊन शिक्षेवर युक्तिवाद करणे शहाणपणाचे ठरते. वय, पूर्वीचा स्वच्छ इतिहास, कुटुंबाची जबाबदारी लेखी मांडता येते आणि १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याचा, लाभही मागता येतो. मात्र कबुलीनंतर दंडच होईल, कैद होणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. कबुलीनंतरचे अपील मुख्यतः शिक्षेच्या प्रमाणापुरते किंवा तिच्या वैधतेपुरते उरते, हेही सही करण्यापूर्वी लक्षात घ्यावे. पुराव्यात खरोखर भगदाड असेल, तर मात्र कबुली देण्याची घाई करू नये.

अपघातात कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर वर लिहिलेले बरेचसे गणित बदलते. भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ (बेदरकार वाहन चालवणे), १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे) आणि १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) लागतात, आणि परिस्थितीनुसार सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ सुद्धा लागू शकते. मुंबईतील कार्टर रोड अपघात प्रकरणात ॲलिस्टर परेरा याची तशा प्रकारची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवली. अशा प्रकरणात फौजदारी खटल्यांचा अनुभव असलेला वकील पहिल्याच दिवशी हवा. ओळखीपाळखीने नमुना "सांभाळून घेण्याचा" विचारही करू नये : १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना आणि अल्पवयीन चालकाच्या आईवडिलांनाही अटक झाली. विमा कंपनीही हात वर करू शकते. नशेत वाहन चालवल्याचे इतर परिस्थितीवरून दिसत असेल, तर रक्ताची चाचणी नसतानाही पॉलिसीतील अट लागू होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे.

परवान्याची लढाई वेगळी आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पोलीस कलम २०६ प्रमाणे परवाना जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवतात. हा प्राधिकारी पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवू शकतो, पुढच्या गुन्ह्यासाठी परवाना रद्दही करू शकतो. पण त्याआधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेशात कारणे लिहावी लागतात. पुण्यातला परवाना असेल, तर संगम पुलाजवळच्या आरटीओची नोटीस आल्यावर लेखी खुलासा द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. जप्तीची पावती सांभाळावी. अडकलेली गाडी सोडवण्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि मद्य न घेतलेला, परवानाधारक चालक घेऊन जावे; तरीही गाडी मिळाली नाही, तर न्यायालयात सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत गाडी सांभाळण्याच्या लेखी हमीवर, ताबा मागता येतो.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाच्या निकषावर मदत मागणाऱ्यांना उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. अर्जासोबत पट्टीची प्रत, समन्स, जप्तीची पावती आणि त्या रात्री टिपलेल्या वेळा नेल्यास नेमलेल्या वकिलाला पहिल्याच तारखेला काम सुरू करता येते.