निराधार योजनेची जुनी संगणक प्रणाली बदलताना : तयारीची यादी

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या पैशांना गावात कुणी अनुदान म्हणत नाही. 'पगार' म्हणतात. बँकेच्या पायरीवर बसलेली आजी पासबुक पुढे करून विचारते, "बाबा, पगार पडला का बघ." महिन्याचे १५०० रुपये. गोळ्या, चहापत्ती, दळण, सगळं त्यातच बसवायचं असतं. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे डीबीटीने थेट खात्यात जाऊ लागले. पैसे पोचण्याची वाट त्यामुळे बदलली. पण माणूस पात्र कधी ठरला, कोणत्या कागदावर ठरला आणि मध्येच एकदा बंद का झाला होता, हा इतिहास मी पाहिलेल्या कार्यालयांत अजूनही रजिस्टर, जुनं सॉफ्टवेअर आणि एका कारकुनाची एक्सेल फाइल यांत विखुरलेला असतो. तो गोळा करून नव्या प्रणालीत आणायचं काम ज्यांच्या अंगावर येईल, त्यांच्यासाठी ही यादी आहे. कसोटी एकच धरली आहे: प्रणाली बदलली म्हणून एकाही पात्र माणसाचा पगार थांबता कामा नये.

निविदा आणि संगणकावरच्या पडद्यांच्या आराखड्याआधी याद्या मोजा. तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेतल्या अव्वल कारकुनासोबत दोन दिवस बसा आणि लाभार्थ्यांची नावं कुठकुठे आहेत ते विचारा. मंजुरीचं रजिस्टर, समितीच्या बैठकांची इतिवृत्तं, कोषागारात गेलेल्या बिलांसोबतच्या याद्या, बँकेला दिलेल्या याद्या, तलाठ्याकडची गावनिहाय वही. या पाचांचे आकडे जुळले तर मला आश्चर्य वाटेल. कोणता आकडा खरा यावर तिथे वाद घालू नका. फरक किती नावांचा आहे एवढं लिहून घ्या, कारण पुढचे सगळे घोळ त्या फरकातूनच निघतात.

मग फॉन्ट. हे काम किरकोळ समजलं जातं, म्हणून इथे जरा थांबतो. मराठीतल्या जुन्या नोंदी बहुतेक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखंच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टांत अक्षर दिसतं मराठी, पण आत साठवलेला असतो इंग्रजी कळेचा क्रमांक. फॉन्ट काढला की द्वारकाबाईच्या जागी निरर्थक खुणा उरतात. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण ती ठरावीक जागी चुकतात. अशा फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. म्हणून गिरिजा, चंद्रभागा, कुऱ्हाडे, वऱ्हाडे, म्हाळसाबाई, पार्वती, धोंडिराम अशी नावं मुद्दाम वेचून चाचणीला लावा. एका तालुक्याच्या फायलीतलं प्रत्येक वेगळं जोडाक्षर काढा, ते एकदा डोळ्यांनी तपासा आणि मगच बाकीचं रूपांतर करा. मूळ फाइल फॉन्टासकट जपून ठेवा. वर्षभराने एखाद्या नावावर वाद झाला तर तिच्याकडेच यावं लागेल.

एक्सेलची खोड त्याहून घातक आहे. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच धरून ठेवतं. सोळा आकडी खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला की शेवटच्या अंकाचं शून्य होतं, आणि सुरुवातीची शून्यं तर गुपचूप गळून पडतात. साध्या मजकुराची (सीएसव्ही) फाइल एक्सेलमध्ये उघडून नुसती जतन केली तरी नुकसान झालेलं असतं. खाते क्रमांक, आधार क्रमांक, पिनकोड हे सारे रकाने 'मजकूर' म्हणूनच आयात करा. ज्यांच्या खाते क्रमांकाचा शेवट शून्याने होतो त्यांची वेगळी यादी काढून बँकेकडून पडताळून घ्या. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, त्यामुळे टंकनातली चूक संगणकाला बरीचशी जागच्या जागी सापडते. ती तपासणी चालू आहे ना, ते ठेकेदाराला दाखवायला लावा.

बँकांचं विलीनीकरणही विसरू नका. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बडोदा बँकेत गेल्या. २०२० मध्ये सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियन बँकेत गेली. जुन्या यादीत अजून जुनेच आयएफएससी, म्हणजे बँक शाखांचे संकेतांक, असू शकतात. शिवाय आधारवर आधारित भरणा खाते क्रमांक बघत नाही. आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात पैसे जातात. कुणी कर्जासाठी नाहीतर सिमकार्ड घेताना दुसरं खातं उघडलं असेल तर पगार तिकडे जमा होतो, आणि म्हातारं माणूस जुनं पासबुक भरून घेत बसतं. प्रत्येक लाभार्थ्याला पैसे कोणत्या बँकेत जाणार ते आधीच कळवा. बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले की पुरे.

नावं जुळवताना मन मोठं ठेवा. रजिस्टरात 'काशीबाई', आधारवर 'काशी'. मंजुरी माहेरच्या आडनावाने, बँक सासरच्या. विठ्ठल हे एकच नाव रोमन लिपीत तीनचार तऱ्हांनी लिहिलं जातं. संगणकाने शंभर टक्के जुळणी मागितली तर निम्मं गाव परकं ठरेल. नाव, गाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि खातं यांतल्या तीन गोष्टी जुळल्या तर माणूस तोच समजा. बाकीचे तलाठ्याकडे पाठवा. तो घर ओळखतो.

वयाचं दुखणं जन्मतारखेत आहे. जुन्या अर्जात नुसतं 'वय ६८' असतं. आधारवर अनेकांची तारीख १ जानेवारी असते, कारण खरी कुणाला ठाऊकच नव्हती. संजय गांधी निराधार ६५ च्या आत, श्रावणबाळ ६५ पासून पुढे. ही रेघ संगणकाने कोऱ्या मनाने ओढली की दहा वर्षं पगार घेणारी बाई अचानक ६२ वर्षांची होते आणि अपात्र ठरते. मंजुरीच्या वेळी तहसीलदाराने मान्य केलेलं वय हाच पुरावा धरा आणि त्याची स्वतंत्र नोंद ठेवा.

नियम प्रोग्रामच्या पोटात लिहू देऊ नका. ते तक्त्यात ठेवा आणि प्रत्येकापुढे 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन रकाने असू द्या. २०१९ मध्ये अनुदान ६०० वरून १००० झालं, २०२३ मध्ये १५००, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २५०० करण्याचा निर्णय झाला. आज कुणाची २०२२ ची थकबाकी काढायची तर दर तेव्हाचा लागेल. चाचणीसाठी माझी आवडती केस म्हणजे इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतली ऐंशीव्या वर्षात येणारी आजी. ८० पर्यंत केंद्राचे २०० आणि बाकीचे राज्याचे. ८० पूर्ण झाली की केंद्राचे ५०० होतात, राज्याचा वाटा तेवढा घटतो, तिच्या हातात मात्र तेवढेच पैसे पडतात. वाढदिवसाच्या महिन्यात प्रणालीने हे गणित न चुकवता केलं, तर तारखांचं काम ठीक झालं आहे असं मी म्हणेन.

आता सर्वांत महत्त्वाचं. पहिले सहा महिने नव्या प्रणालीला पगार सुरू करण्याचा अधिकार द्या, थांबवण्याचा देऊ नका. तिला शंका आली तर ती यादी काढेल, माणूस ती तपासेल, लेखी नोटीस जाईल, उत्तर द्यायला वेळ मिळेल, आणि तोवर पैसे चालू राहतील. मृत्यूची नोंदसुद्धा ग्रामपंचायतीच्या दाखल्याशिवाय धरू नका. २०२२ मध्ये हरियाणात शंभरी ओलांडलेल्या एका आजोबांना कागदावर मृत ठरवून त्यांचं पेन्शन बंद केलं गेलं. आपण जिवंत आहोत हे दाखवायला त्यांना वाजतगाजत वरात काढावी लागली. आधार कायद्याच्या कलम ७ मध्येच म्हटलं आहे की ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा मार्ग द्यायचा. मग ज्याच्या बोटांचे ठसे शेतात राबून झिजले त्याचा हयातीचा दाखला अंगठा उमटला नाही म्हणून अडवायचा कोणत्या न्यायाने? तलाठी किंवा कोतवाल घरी जाऊन पाहील, अशी सोय पडद्यावर एक बटण म्हणून पहिल्या दिवसापासून हवी.

जुनी आणि नवी प्रणाली किमान तीन महिने शेजारीशेजारी चालवा. एकूण रक्कम जुळली म्हणून समाधान मानू नका. एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी गेलं तरी बेरीज जुळते. माणसागणिक फरक काढा. कॅनडातल्या ओंटारिओत नोव्हेंबर २०१४ मध्ये सामाजिक सहाय्याची नवी प्रणाली सुरू झाली आणि सुमारे १७,००० लोकांना मिळून जवळपास दोन कोटी डॉलर जादा गेले. जादा गेलेले पैसेही गरिबाला छळतात, कारण वसुली त्याच्याच दारात येते.

माणसं कमी करू नका. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्याने सप्टेंबर २०१६ मध्ये पात्रता ठरवणारी नवी प्रणाली आणली. ती सुरू होण्याआधीच तिच्या भरवशावर कर्मचारी कमी केले, आणि केंद्र सरकारचा इशारा मिळूनही तारीख पुढे ढकलली नाही. अर्जांचे ढीग साचले, लोक कार्यालयांबाहेर रांगा लावून उभे राहिले, प्रकरण न्यायालयात गेलं. आपल्याकडे तर शाखेत आधीच दोन-तीनच माणसं असतात. बदलाच्या काळात त्यांना निवडणुकीच्या आणि पंचनाम्याच्या कामातून मोकळं ठेवा. निवृत्त झालेल्या कारकुनाला मानधनावर परत बोलवा. कोणत्या गावची यादी कोणत्या कपाटात आहे ते त्याला ठाऊक असतं.

तारीख निवडताना मार्च टाळा, कारण कोषागारात बिलांची गर्दी असते. दिवाळीचा महिना टाळा. पावसाळ्यात धडगाव, अक्कलकुवा, भामरागड, एटापल्ली इथे वीज आणि नेटवर्क किती तास असतं ते तिथल्याच माणसाला विचारा, आणि नेटवर्क नसताना नोंद करून नंतर चढवता येईल अशी सोय मागून घ्या. एका तालुक्यात सुरू करा. तो तालुका सोपा नको. खातेदार विखुरलेले आणि रस्ते वाईट असलेला हवा.

करारात चारच ओळी ठाम ठेवा: माहिती शासनाची, ती कधीही पूर्ण बाहेर काढता येईल, नियमांचा तक्ता खात्याचे लोक स्वतः बदलू शकतील, आणि पूर्वीची प्रणाली निदान दोन वर्षं नुसती वाचायला उपलब्ध राहील. आधार क्रमांकांसकटच्या याद्या व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरवणं आजच बंद करा. त्यासाठी नव्या प्रणालीची वाट पाहायची गरज नाही.

लोकांना जाणारे निरोप प्रोग्रामरला लिहू देऊ नका. 'यूआयडी मिसमॅच' वाचून कुणाला काय कळणार? असं लिहा: "तुमच्या आधारवरचं नाव आणि आमच्याकडचं नाव वेगळं आहे. आधार घेऊन तलाठ्याकडे या. तोपर्यंत पैसे चालू राहतील." शेवटचं वाक्य गाळू नका. नोंदवलेला मोबाइल पुष्कळदा मुलाचा नाहीतर शेजाऱ्याचा असतो, म्हणून हाच निरोप रेशन दुकानाच्या फळ्यावर लावा, ग्रामसभेत वाचा आणि वस्तीवर दवंडी द्या.

आणि नव्या प्रणालीतून पहिला पगार पडेल त्या दिवशी शाखेतल्या एकाला बाजाराच्या गावच्या बँकेत बाकावर बसवा, हातात वही आणि पेन देऊन. पासबुक भरून रिकाम्या हाताने परतणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि कारण तो लिहील. संध्याकाळी ती वही तहसीलदारांपुढे जाईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या पहिल्या नावाच्या घरी कोतवाल.