बागेतल्या मजुराचा खोकला थांबत नसेल तर

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीला पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या आमच्या निफाड तालुक्यात उतरतात, त्या शिमग्याच्या तोंडावर घरी परततात. मधले महिने ही माणसं आपल्याच शेडात राहतात. टीबीची (क्षयरोगाची) औषधं सरकार देतं, पण रात्री शेडात कोण खोकतंय हे सरकारला कसं दिसणार? ते आपल्यालाच ऐकू येतं. दोन आठवडे खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन, असं दिसलं की ‘फवारणीचं औषध घशात गेलं असेल’ म्हणून सोडू नका. मी सोडलं होतं.

आशाताईंना सांगा, चारचौघांत बोलू नका. बेडक्याचे दोन नमुने लागतात. एक लगेचचा, दुसरा सकाळी उठल्याउठल्याचा. बहुतेकांचं इथंच चुकतं. साध्या पाण्यानं चूळ भरायला लावा, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायला सांगा, मग छातीतून खोकायचं, तेही शेडाबाहेर उघड्यावर. पहिल्या खेपेला मी नुसती लाळ भरलेली डबी मोटारसायकलवर घेऊन गेलो. प्रयोगशाळेतल्या ताईंनी ती उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी रिकामी डबी हातात ठेवली. त्या दिवसाची हजेरी मात्र कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी खोकला सांगणारच नाही.

तपासणी फुकट, गोळ्या फुकट. साध्या टीबीला (नेहमीच्या गोळ्यांना दाद देणाऱ्या) सहा महिने, रोज. लघवी नारिंगी होते हे आधीच सांगून ठेवा. आमचा गडी ‘रक्त पडतंय’ म्हणून घाबरून बसला होता. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टीबीच्या रुग्णाला खाण्यापिण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेत महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते). खातं रुग्णाचंच द्या, मुकादमाचं नको. पैशांची वाट न बघता अंडी, शेंगदाणे, तूरडाळ सुरू करा. एका माणसाला असं किती लागतं?

ताट-वाटी वेगळी काढू नका, हा रोग हवेतून पसरतो. निफाडच्या थंडीत मजूर शेडाला चहूबाजूंनी ताडपत्री बांधतात आणि आत सगळे कोंडून झोपतात. समोरासमोरच्या दोन बाजू थोड्या मोकळ्या ठेवा, पांघरुणं जास्तीची द्या. रुग्णासोबत राहणाऱ्यांचीही तपासणी करून घ्या. आजार नसला तर डॉक्टर त्यांना तो होऊ नये म्हणून गोळ्या देतात.

आता माझी चूक. गोळ्या सुरू होऊन अडीच महिने झाले, गडी ठणठणीत दिसायला लागला, वजनही भरलं. शिमग्याला हिशेब चुकता केला, पोरांसाठी साखरेच्या गाठी दिल्या, गोळ्यांचं विचारलंच नाही. पुढच्या छाटणीला त्याचा भाऊ एकटाच आला. म्हणाला, ‘त्याचं दुखणं परत उलटलंय.’

म्हणून टोळी निघायच्या आठ दिवस आधी आजारी मजुराला आरोग्य केंद्रात न्या. निक्षय नंबरवरून (टीबी रुग्णाच्या सरकारी नोंदणीचा नंबर) उपचार त्याच्या गावाकडच्या केंद्रात वळवता येतात. वाटेपुरत्या गोळ्या मागून घ्या, तिकडच्या आशाताईंचा फोन लिहून घ्या. अडलंच तर १८००-११-६६६६ वर फोन लावा, पैसे पडत नाहीत.

मी आता हिशेबाच्या वहीत अशा मजुराच्या उचलीच्या खालीच लिहितो: ‘गोळ्या – १२ दिवसांच्या शिल्लक.’ तो आकडा विचारल्याशिवाय हिशेब करत नाही.