१/६ फिगरसाठी ओबी-वॉनचा झगा: कापड कुठलं घ्यायचं आणि पडद्यावरच्यासारखं कसं दिसेल

आधीच सांगून टाकतो, पिक्चरमध्ये जे कापड वापरलं होतं तेच आणून फिगरला शिवलं तर फिगर हमखास चुकीची दिसते. हे बऱ्याच जणांना पटत नाही. "अरे पण ओरिजिनल लोकरीचंच होतं ना?" हो, होतं, पण ते पावणेसहा फुटी माणसाच्या अंगावर होतं आणि आपली १/६ फिगर, म्हणजे खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्श्याएवढी बाहुली, आहे ३० सेंटीमीटरची. स्क्रीन अ‍ॅक्युरेट म्हणजे कापडाचं नाव जुळवणं नाही, ते कापड खांद्यावरून खाली पडतं कसं आणि उजेड पिऊन घेतं की चमकतं, एवढंच जुळवायचं. ते जुळलं की बाकीचं लोक माफ करतात.

उदाहरणाला १९७७ च्या स्टार वॉर्समधला म्हातारा जेडाय योद्धा ओबी-वॉन घेऊ, अ‍ॅलेक गिनेसने केलेला. कारण सोपंय, या पोशाखात चिलखत नाही, हेल्मेट नाही, लपायला जागाच नाही, सगळा खेळ कापडाचा. आत क्रीम रंगाचा जपानी धाटणीचा एकावर एक येणारा अंगरखा, चामड्याचा पट्टा, आणि वर टोपीवाला तपकिरी झगा. कटिंग बहुतेक सरळ असल्याने नवख्यालाही जमतं.

हा पोशाख जॉन मोलो यांचा. ते मुळात लष्करी गणवेशांचे अभ्यासक, त्यामुळे त्यांचे कपडे 'डिझाईन' केल्यासारखे न वाटता कुणीतरी रोज घालतंय असे वाटतात. त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं, आणि आपल्यासाठी भारी गोष्ट म्हणजे दुसरं ऑस्कर त्यांनी १९८३ मध्ये 'गांधी'साठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्यासोबत घेतलं. असो. तर तो मूळ झगा पुढे लंडनच्या एंजल्स या पोशाख भाड्याने देणाऱ्या कंपनीत इतर कपड्यांच्या ढिगात राहिला, दुसऱ्या पिक्चरमध्येही वापरला गेला, आणि ओळख पटल्यावर २००७ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ५४,००० पौंडांना गेला. सांगायचा मुद्दा, नुसता टांगून ठेवला तर तो एक साधा लोकरी झगा आहे, त्याला ओबी-वॉन बनवतो तो त्याचा घोळ.

आता थोडं गणित, कंटाळा करू नका, सगळं यावरच आहे. खरा झगा दीड मिलिमीटर जाड धरला तर सहाने भागून पाव मिलिमीटर झाला, म्हणजे मलमलीच्या आसपास. पण वजन सहाने भागलं जात नाही, लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही सहाने कमी होतात म्हणून वजन २१६ ने कमी होतं. दोन किलोचा झगा धरला तर फिगरचा जेमतेम नऊ ग्रॅमचा. म्हणजे कापडाला खाली ओढणारं वजन जवळपास गेलंच, आणि कापडाचा ताठपणा मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून फिगरचा झगा अंगालगत न पडता उघड्या छत्रीसारखा बाहेर फाकतो. त्यामुळे आपल्याला दोन कामं करायचीत, एक तर जमेल तितकं लुळं कापड शोधायचं आणि दुसरं म्हणजे त्याला कुठूनतरी वजन द्यायचं.

लुळेपणा दुकानात चिमटीत धरून कळत नाही. थोडंसं कापड घरी आणा, आधी धुवा, कारण नवीन कापडात खळ असते आणि खळ असलेलं कापड तपासण्यात काही अर्थ नाही. वाळलं की १५ सेंटीमीटरचा चौकोन कापून उभ्या ठेवलेल्या जाड मार्कर पेनवर मधोमध टाका. चारी टोकं खाली येऊन पेनला चिकटल्यासारखी राहिली आणि मध्ये बारीक बारीक चुण्या पडल्या तर कापड चालेल. दोन-तीनच मोठ्या ठोकळेबाज घड्या पडल्या आणि टोकं हवेत राहिली तर ते कापड कितीही सुंदर असो, उशीच्या अभ्र्याला वापरा.

दुसरी टेस्ट मोबाईलची. पिक्चरमधली अशी फ्रेम घ्या ज्यात माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, आणि कापडाचा तुकडा फिगरवर टाकून तेवढ्याच फ्रेममध्ये फोटो काढा. फ्रेममध्ये विणीचे धागे दिसत नसतील आणि तुमच्या फोटोत दिसत असतील तर वीण जाड आहे. काही जण क्लोजअप बघून "खडबडीत पोत दिसतोय की" म्हणतात आणि गोणपाटासारखं काहीतरी घेऊन येतात, मला ते अजिबात पटत नाही, फिगर आपण कपाटात पूर्ण उभी बघतो ना, मग पूर्ण उभ्या फ्रेमलाच जुळवा.

अंगरख्यासाठी माझं स्पष्ट मत, नवीन काही विकत घेऊच नका. घरात जुनं सुती धोतर किंवा वर्षानुवर्षं धुतलेली सुती साडी असेल तर त्याहून चांगलं काही नाही, धुऊन धुऊन धाग्यातला ताठा गेलेला असतो आणि रंगही आपोआप पिवळट पांढरा झालेला असतो. (आईला विचारून घ्या, गोधडीसाठी ठेवलेली असते.) नसेलच तर मलमल किंवा व्हॉइल. ब्लाऊजच्या अस्तराची टू बाय टू रुबिया चालते पण ती जरा घट्ट विणीची, सात-आठ धुण्यांनंतर बरी होते. पॉपलीन नको, मांजरपाट नको, टेरिकॉट तर नकोच नको.

झग्याचं जरा अवघड आहे कारण तिथे लोकरीचा मंदपणा हवाय पण लोकरीची जाडी नकोय. फ्लीस आणि फेल्ट बघायलाही जाऊ नका. जॉर्जेट सुंदर पडतं पण पॉलिस्टरचं असेल तर उजेडात चमकतं आणि घडी घातली की उसळून परत येतं. जुनी, अगदी पातळ लोकरी स्टोल मिळाली तर उत्तम. नाहीतर तपकिरी रेयॉन घ्या, ते वजनाला जड आणि पडायला लुळं असतं, फक्त अंगावर हलकी चकाकी असते. ती घालवायला कापड सपाट पाटावर ताणून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने हलक्या हाताने घासायचं, वर बारीक लव उठते आणि चकाकी मरते. गिरणीत पीच फिनिश देतात तेही असंच, फक्त तिकडे पॉलिश पेपरचे रूळ असतात. जोर लावू नका, रेयॉन विरतं, आणि ओलं असताना तर घासूच नका.

दुकानदाराने कॉटन म्हणून दिलेलं कॉटनच आहे का हे बघायला दोन धागे चिमट्यात धरून जाळा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती किंवा रेयॉन, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, केस जळल्याचा वास आला तर लोकर किंवा रेशीम. हे का करायचं तर रंगवण्यासाठी, चहाच्या पाण्याने सुती कापडाला छान जुनाट छटा येते पण पॉलिस्टरला ती धरत नाही.

रंगाचं म्हणाल तर एकाच फ्रेमवर विसंबू नका. ट्युनिशियात शूट झालेल्या वाळवंटाच्या उन्हातला झगा वेगळा दिसतो आणि डेथ स्टार या अंतराळतळाच्या आतला वेगळा, त्यात १९९७ ची स्पेशल एडिशन, २००४ ची डीव्हीडी आणि २०११ ची ब्लू-रे, प्रत्येकाचे रंग थोडे थोडे वेगळे, त्यामुळे "अचूक रंग" यावर भांडणं न संपणारी आहेत. तीन-चार प्रसंग बघून मधला रंग धरायचा आणि खिडकीच्या उजेडात जुळवायचा. शिवाय एक छटा फिकाच ठेवायचा, लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, मॉडेलच्या विमानांना रंग देणारे लोक हेच करतात.

कटिंगसाठी फिगरला क्लिंग फिल्म गुंडाळा, वरून कागदी टेप लावा, पेनने शिवणी आखा, कापून काढा, झाला पॅटर्न. शिलाईला ३-४ मिलिमीटर पुरे. झग्याचं अंग उभ्या धाग्यात न कापता उरेब, म्हणजे तिरकं, कापलं तर बरंच मऊ पडतं, तुकडे लहान असल्याने कापडही फार वाया जात नाही, फक्त कापल्यावर रात्रभर टांगून ठेवा म्हणजे ताणायचं तेवढं ताणून घेईल आणि मग खालची कड सरळ करा. कडांना पाणी घातलेल्या फेव्हिकॉलची बारीक रेघ ओढली की धागे निघत नाहीत, पण रेघ म्हणजे रेघ, थापलात तर कड पुठ्ठ्यासारखी होते. मशीनला ९ नंबरची सुई आणि टाका एक मिलिमीटरच्या आसपास. खऱ्या कपड्यावरचा अडीच मिलिमीटरचा टाका सहाने भागला तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होतो, तो घरच्या मशीनवर येणार नाही, म्हणून दिसणारी टीप मारायचीच नाही, सगळी शिवण आतून. बाही आधी मुंढ्याला लावा आणि मग बाजू बंद करा, उलटं केलंत तर एवढ्याशा मुंढ्यात मशीनचा पाय जात नाही. झग्याला अस्तर नको. पुढे बंद करायला वेलक्रो नको, फुगतं, बारीक टिचबटण किंवा सरळ दोन टाके.

वजनासाठी खालच्या कडेच्या दुमडीत नकली दागिन्यांची सगळ्यात बारीक साखळी घाला. टोपीच्या कडेत मात्र पातळ तांब्याची तार, म्हणजे ती चेहऱ्याभोवती हवी तशी वळवता येते. मग फिगरवर क्लिंग फिल्म गुंडाळून झगा घाला, पाण्याचा स्प्रे मारा, चुण्या बोटांनी खांद्यापासून खाली ओढत बसवा, सैलसर दोरा गुंडाळा आणि रात्रभर सोडून द्या. फिगर जमवणारे लोक ज्याला फट्झिंग म्हणतात ते हेच, आणि खरं सांगायचं तर अर्धी अ‍ॅक्युरसी इथे येते. क्लिंग फिल्म मात्र विसरू नका, ओल्या गडद कापडाचा रंग फिगरच्या अंगाला लागला तर निघत नाही.

कपडे नवे कोरे दिसता कामा नयेत. गिनेसबद्दल किस्सा सांगतात की शूटिंगच्या आधी ते पोशाख घालून जमिनीवर लोळले होते, धूळ लागावी म्हणून. आपल्याला लोळवायची गरज नाही, मुलतानी माती आहे. चेष्टा नाही, सिनेमावाले धुळीसाठी हीच माती वापरतात, फुलर्स अर्थ या नावाने. वस्त्रगाळ करून मऊ ब्रशने खालच्या दोन सेंटीमीटरवर आणि बाह्यांच्या कडेला टिपत जा, जास्तीची फुंकून टाका. अंगणातली माती नको, तिचे कण या मापात खडे दिसतात.

पट्ट्यासाठी रेक्झिन किंवा पीयू लेदर, म्हणजे नकली चामडं, टाळाच. पीयूचा थर ओलाव्याने तुटत जातो, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात चांगल्या महागड्या फिगरचेही पट्टे आणि जॅकेट खवले निघाल्यासारखे सोलतात. जुन्या हातमोज्याचं किंवा पाकिटाच्या आतलं शेळी-मेंढीचं पातळ चामडं घ्या, किंवा धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत तुकडे मागा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर मागच्या बाजूने पॉलिश पेपरने घासून पातळ करा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या मधूनमधून बदला.

सगळं झालं की शेवटचा फोटो. फिगर टेबलावर ठेवून वरून बघू नका, कॅमेरा फिगरच्या छातीच्या उंचीला आणा आणि अर्धा मीटर लांब ठेवा, म्हणजे खऱ्या माणसाकडे तीन मीटरवरून बघितल्यासारखं होतं. शेजारी पिक्चरची फ्रेम लावून आधी फक्त बाहेरची आकृती जुळवा, मग चुण्या, रंग सगळ्यात शेवटी. खांद्याजवळ कापड उचललेलं दिसलं तर उसवायच्या भानगडीत पडू नका, तेवढ्याच भागावर परत स्प्रे मारून दोरा बांधा.