पीएस४ची हार्ड डिस्क बदलताना या चुका टाळा

प्लेस्टेशन ४ (पीएस४) या खेळांच्या कन्सोलसोबत आलेली ५०० जीबीची हार्ड डिस्क हल्लीच्या चार-पाच मोठ्या खेळांतच भरते, त्यामुळे ती बदलावीशी वाटणे साहजिक आहे. सोनीने तशी सोय मुळातच ठेवलेली असून त्यासाठी कन्सोलचे सील तोडावे लागत नाही. तरीही सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या कन्सोलपैकी बरेच नेमके याच सोप्या कामात अडकलेले असतात, आणि प्रत्येक वेळी कारण एकच असते, ते म्हणजे घाई.

सर्वांत महाग पडणारी चूक जुन्या डिस्कच्या बाबतीत होते. नवी डिस्क बसवल्यावर जुनी संगणकाला जोडून सेव्ह (खेळ कुठवर आला याची नोंद असलेल्या फाइली) काढून घेता येतील, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ही डिस्क त्या-त्या कन्सोलच्याच चावीने कूटबद्ध केलेली असते. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते ती फॉरमॅट करायची का, असे विचारते. गेल्या मे महिन्यात अशोक चौकातील एक मुलगा अशी डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, "काका, ही खराब दाखवत होती म्हणून रात्रभर लावून पूर्ण फॉरमॅट केली. आता सेव्ह कसे काढायचे?" तो आणि त्याचा नोकरीसाठी पुण्याला गेलेला मोठा भाऊ यांनी मिळून खेळलेली तीन वर्षांची लीग त्या डिस्कवर होती. पूर्ण फॉरमॅटने सगळीकडे शून्ये लिहिली गेली होती, त्यामुळे काहीही परत मिळणे शक्य नव्हते. ती डिस्क न पुसता त्याच कन्सोलमध्ये पुन्हा बसवली असती, तर सगळे जागच्या जागी मिळाले असते. हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटले.

म्हणून मी आधी सेटिंग्जमधून सर्व सेव्ह पेनड्राइव्हवर घेतो, ट्रॉफी (खेळात मिळालेली पदके) सोनीच्या सर्व्हरशी सिंक करतो आणि मगच स्क्रूला हात लावतो. काढलेल्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती महिनाभर कपाटात ठेवायला सांगतो. तिला यूएसबी कव्हर घालून बाहेरची डिस्क म्हणून लगेच कामाला लावण्याचा मोह मला अजिबात पटत नाही.

दुसरी नेहमीची चूक फाइलची आहे. नव्या, कोऱ्या डिस्कला सिस्टिमची पूर्ण फाइल लागते आणि ती सुमारे १ जीबीची असते. नेहमीच्या अपडेटची फाइल तिच्या जवळपास निम्म्या आकाराची असते, मात्र दोन्हींचे नाव पीएस४अपडेट.पीयूपी हेच असते आणि घोटाळा तिथेच होतो. म्हणून डाउनलोड झाल्यावर मी नाव न पाहता आकार पाहतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट केलेला असावा, त्यात 'पीएस४' नावाचा फोल्डर, त्याच्या आत 'अपडेट' फोल्डर आणि त्यात ती फाइल, आणि ही सर्व नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत असावीत. त्यानंतर पॉवरचे बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सात सेकंद, दाबून धरून सेफ मोड (दुरुस्तीचा मेनू) उघडावा आणि त्यातला सिस्टिम नव्याने बसवण्याचा सातवा पर्याय निवडावा. सातऐवजी सहावा, म्हणजे सिस्टिम न बसवता फक्त डिस्क पुसणारा, निवडणारे पुष्कळ भेटतात, कारण ते यादी पूर्ण वाचतच नाहीत.

कन्सोलमध्ये फेरफार केलेला असेल, तर आधी सिस्टिमची आवृत्ती लिहून ठेवावी, कारण असे फेरफार ठरावीक आवृत्तीवरच चालतात आणि नवी आवृत्ती चढवली की मागे येता येत नाही.

डिस्क अडीच इंची आणि जास्तीत जास्त ९.५ मिलिमीटर जाडीची हवी. स्वस्तात मिळते म्हणून १५ मिलिमीटरची घेणाऱ्यांना ती परत करावी लागते.

मे महिन्यात संध्याकाळी वळवाच्या पावसात लाईट जाते, म्हणून सिस्टिम चढवण्याचे काम मी सकाळी आणि इन्व्हर्टरवरच करतो.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या जवळ राहणाऱ्यांच्या कन्सोलमध्ये कापसाचे तंतू साचतात. ते काढताना ब्लोअरच्या हवेने पंखा फिरू देऊ नये. तो बोटाने धरून ठेवावा, कारण वेगाने फिरवल्याने त्याचे बेअरिंग खराब होते.

डिस्क ज्या धातूच्या चौकटीत बसते, त्या ब्रॅकेटचे स्क्रू मऊ असतात. झिजलेल्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला की डोक्यावरची फुली गुळगुळीत होते, म्हणून मी नीट बसणारा एक क्रमांकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर याच कामासाठी वेगळा ठेवला आहे.